संशोधनातली गॅप आणि उमरेडच्या कांड्या

पीएच.डी.ला नाव नोंदवलं की लोक तुमची तब्येत विचारणं बंद करतात. "गॅप सापडली का?" एवढंच विचारतात. मी ज्या कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते, तिथल्या स्टाफरूममध्ये दोन वर्षं हाच प्रश्न चहाबरोबर माझ्यापुढे येत होता. ज्यांना स्वतःची गॅप सापडलेली असे ते तर इतक्या मायेने विचारत, की कप त्यांच्या डोक्यावर उपडा करावासा वाटे.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. संशोधन करायचं म्हणजे आधी कोणी केलं नाही ते करायचं. त्यासाठी आधीच्या सगळ्यांनी काय काय करून ठेवलंय ते वाचायचं, आणि त्यातून एक मोकळी जागा हुडकून काढायची, जिथे अजून कोणी बसलेलं नाही. मे महिन्यातल्या लग्नात कूलरसमोरची खुर्ची शोधावी तसं हे काम आहे. लांबून खुर्ची रिकामी दिसते, जवळ गेलं की तिच्यावर कोणाचा तरी रुमाल असतो.

विद्यापीठाच्या संशोधन समितीने माझा विषय दोनदा परत पाठवला होता. नियम असा, की तिसऱ्यांदा परत आला तर नोंदणीच रद्द. आणि नोंदणी रद्द म्हणजे कायम नोकरीचं नाव सोडायचं, कारण प्राचार्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "मॅडम, जागा निघाली तरी डॉक्टरेट नसेल तर माझे हात बांधलेले आहेत." अकरा वर्षं दर जूनमध्ये नव्याने अर्ज करून, नव्याने मुलाखत देऊन, मी त्याच फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या त्याच दोन रेषा काढत होते. मला ती डॉक्टरेट हवी होती. ज्ञानबिन सगळं ठीक आहे, पण मला जूनमधला तो अर्ज नको झाला होता.

माझा पहिला विषय होता नागपूर जिल्ह्यातल्या हातमाग विणकर कुटुंबांचं आर्थिक स्थित्यंतर. मी स्वतः विणकराच्या घरातली. पूर्व नागपुरातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत वडिलांचा माग होता. पुढे तो विकला आणि वडील एका कारखान्यात पहारेकरी झाले. मला वाटलं, हा विषय माझ्याशिवाय कोणाला सुचणार! समितीवर बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते. त्यांनी चष्मा पुसला आणि बोटं दुमडत पाच प्रबंधांची नावं सांगितली. सहावं नाव सांगायची त्यांना गरज पडली नाही, कारण तो प्रबंध माझ्या मार्गदर्शक सरांचाच होता आणि सर शेजारीच बसले होते.

दुसऱ्या वेळी मी जिल्हा काढून 'उमरेड तालुका' घातला. तज्ज्ञ म्हणाले, "मॅडम, तालुका बदलला म्हणजे गॅप होत नाही. फक्त एसटी बदलते." समिती हसली. मीही हसले, कारण तिथे हसावं लागतं. घरी येऊन मात्र ढसाढसा रडले.

इतरांचं कसं सुरळीत चाललं होतं ते बघून माझा जळफळाट होई. वाणिज्य विभागातल्या एकाने असाच एक घासून गुळगुळीत झालेला विषय घेतला, पुढे 'कोविडोत्तर' लावलं आणि पंधरा मिनिटांत मंजुरी घेऊन आला. येताना पेढेही आणले. मी एक पेढा खाल्ला आणि दुसरा रागाने खाल्ला.

रविवारी माहेरी गेले की आई विचारायची. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण माझ्या पीएच.डी.ची काळजी तिला माझ्याहून जास्त. एकदा म्हणाली, "हे गॅप म्हंजे काय असते वं?"

"जे आतापर्यंत कोणीच नाही केलं, ते."

आई वांगी चिरत होती. चिरता चिरताच म्हणाली, "मंग एवढ्या शिकलेल्या लोकाइनं नाही केलं, त काही कारण असन ना."

दोन वर्षांत कोणत्याही प्राध्यापकाने माझ्या उत्साहावर इतकं गार पाणी ओतलं नव्हतं.

तिसरी बैठक जूनच्या पहिल्या आठवड्यात होती. मी मे महिन्याची अख्खी सुट्टी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काढायची ठरवलं. प्रबंधांची खोली तळघरात आहे. तिथे एक कूलर आहे, तो हवेपेक्षा आवाज जास्त देतो. त्याच्या पुढ्यात बसून मी विणकरांवरचे प्रबंध एकामागून एक उपसायला लागले. प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी 'पुढील संशोधनास वाव' असं एक पान असतं. मला वाटलं होतं, गॅप तिथेच आयती लिहून ठेवलेली असेल. पण त्या पानावर सगळ्यांनी त्याच पाच गोष्टी, त्याच क्रमाने लिहिल्या होत्या. पहिल्याने कुठून घेतल्या देव जाणे, बाकीच्यांनी त्याच्याकडून घेतल्या होत्या. लग्नातली स्टीलची भांडी कशी न वापरता या घरातून त्या घरात जातात, तशी ती पाच वाक्यं फिरत होती.

तीन आठवड्यांनी तिथला शिपाई कपाट लावत म्हणाला, "मॅडम, या साइडचं सगळं झालं तुमचं. आता फक्त तुमच्या सराचाच राह्यला."

मी म्हटलं, "तो मी वाचलाय."

हे खोटं होतं. सरांचा प्रबंध मी वाचला आहे, असं मी स्वतः सरांनासुद्धा दोन वर्षं सांगत आले होते. त्यातलं तिसरं प्रकरण फारच मूलगामी आहे असंही एकदा म्हणाले होते, आणि सरांनी लाजून मान खाली घातली होती. मार्गदर्शकाचा प्रबंध कोणीच वाचत नाही. त्याचं कौतुक करायचं असतं. पण त्या दिवशी खरोखरच दुसरं काही उरलं नव्हतं. मी तो लाल पुठ्ठ्याचा ठोकळा काढला आणि धूळ झटकून बसले.

चौथ्या प्रकरणात एक तक्ता होता: कुटुंबातील स्त्रियांचा व्यवसाय. जवळजवळ सगळ्या बायका 'गृहिणी' या रकान्यात. खाली निष्कर्ष: विणकर कुटुंबांतील स्त्रियांचा उत्पादनातील सहभाग नगण्य आढळतो.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग बाकीचे प्रबंध परत उघडले. सगळ्यांनी सरांचा हवाला देऊन तेच वाक्य उचललं होतं.

आता माग कसा चालतो ते सांगायला हवं. मागावर उभे धागे ताणलेले असतात, आणि आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो. त्या धोट्यात सुताने भरलेली एक कांडी बसवलेली असते. कांडी संपली की दुसरी, ती संपली की तिसरी. भरलेल्या कांड्या हाताशी नसतील तर विणकर मागावर नुसता बसून राहील. आणि या कांड्या भरतं कोण? माझ्या माहितीतल्या प्रत्येक घरात बाई. सकाळी चूल आटोपली की चरख्याशी बसायचं ते संध्याकाळपर्यंत. माझी आई, आजी, उमरेडची मावशी, सगळ्याजणी. आणि इथे एका तक्त्यात या सगळ्यांना घरी बसवलं होतं!

मला अक्षरशः उडी मारावीशी वाटली. गॅप! मोठी, धडधडीत, इतकी वर्षं कोणाला न दिसलेली गॅप! मी शिपायाला म्हटलं, "दादा, सापडली!" तो म्हणाला, "बरं झालं. काय हरपलं होतं?"

मग मला संताप आला. हे सर्वेक्षणाचे फॉर्म भरणारं कोण गाढव होतं? समोर बाई कांड्या भरत बसली असताना 'गृहिणी' लिहायला माणूस आंधळाच पाहिजे. अशा लोकांना सर्वेक्षणाला पाठवतातच कशाला? मनातल्या मनात त्या गाढवाची यथेच्छ पूजा करत मी शेवटचं परिशिष्ट उघडलं. तिथे नमुन्यादाखल एका भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स लावलेली होती. गाव उमरेड. कुटुंबप्रमुखाचं नाव खोडलेलं. घरात माग दोन, म्हैस एक. स्त्रियांचा व्यवसाय: गृहिणी. अक्षर गोल, आणि प्रत्येक शब्दावरची रेघ शेवटी जराशी खाली वळलेली.

रेघ अशी खाली फक्त मी वळवते. शाळेत त्यासाठी हातावर पट्ट्या खाल्ल्या आहेत.

हळूहळू सगळं आठवलं. एम.ए.ला असताना सरांनी आम्हा विद्यार्थ्यांना त्यांच्या प्रबंधासाठी फॉर्म भरायला पाठवलं होतं. उमरेड माझ्याकडे आलं, कारण तिथे मावशी. मी मावशीच्या ओसरीवर बसले, तिने गल्लीतल्या घरांना निरोप धाडले, आणि दोन दिवसांत माझे सगळे फॉर्म भरून झाले. बायकांच्या व्यवसायाचा रकाना मी कोणालाही न विचारता भरला होता. विचारायचं काय त्यात? मी त्याच घरांतली, मला सगळं माहीत होतं. परकी मुलगी असती तर तिने विचारलं असतं, मावशी, हे काय करताय? मला तो प्रश्न पडलाच नाही. घरात पंखा फिरतो तशा बायका कांड्या भरतात, त्यात काय लिहायचं! लाज वाटावी अशी एक गोष्ट तर अगदी स्पष्ट आठवली. मावशीच्या चरख्याची घरघर इतकी होती की मी तिला ओरडून म्हणाले होते, "मावशी, जरा थांबव ना ते, मला उत्तर ऐकू येत नाहीये!" तिने चरखा थांबवला. आणि मी लिहिलं, गृहिणी.

स्वतःवर हसू येत होतं आणि रडूही.

पण खरी अडचण पुढे होती. तिसऱ्यांदा विषय पाठवायचा तर अर्जावर सरांची सही लागणार. म्हणजे सरांना जाऊन सांगायचं, की तुमच्या प्रबंधाला भोक आहे. रविवारी सकाळी मी त्यांच्या धरमपेठेतल्या घरी गेले. सर तर्री-पोहे खात होते. मलाही काकूंनी प्लेट दिली.

"सर, गॅप सापडली."

सरांनी आनंदाने प्लेट खाली ठेवली. "वा! कुठे?"

"तुमच्या प्रबंधात."

त्यांनी प्लेट परत उचलली आणि एक अख्खा घास शांतपणे चावला. "माझ्या प्रबंधात गॅप नाही," ते म्हणाले. "दोन्ही परीक्षकांनी एकही दुरुस्ती न सुचवता मंजूर केलेला प्रबंध आहे तो. तुम्ही तर वाचलाय."

मी तक्ता दाखवला आणि कांड्यांचं सांगितलं. सरांचा आवाज चढायला लागला. "हे बघा, फॉर्ममध्ये जे आलं ते मी मांडलं. मी काही मनाचं लिहिलेलं नाही."

"तुम्ही कुठे मांडलं?" चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या. "याच टेबलावर फॉर्म पसरून एकेक रेघ ओढत मी मोजलं होतं. तेव्हाच विचारलं होतं, अहो, सगळ्याच बाया घरी बसून कशा असतील? तर म्हणालात, फॉर्ममध्ये आहे तेवढंच मोज."

"बरोबरच आहे. संशोधकाने फॉर्मबाहेर जायचं नसतं. आता फॉर्म भरणाऱ्यानेच जर..." सर थांबले. माझ्याकडे बघितलं. "उमरेडचे फॉर्म कोणी भरले होते हो?"

"मी, सर."

"तुम्ही?"

"हो."

दोन वर्षांत सर माझ्यावर इतके खूश झालेले मी पाहिले नव्हते. "म्हणजे चूक तुमची आहे!"

"हो सर, माझीच."

"मग तसं आधी म्हणायचं ना! मी उगाच टेन्शन घेतलं." त्यांनी तिथल्या तिथे पेन मागवलं. "लिहा. पूर्वीच्या अभ्यासातील क्षेत्र-सर्वेक्षकाच्या अनवधानामुळे ही बाब नोंदली गेली नाही."

"आणि मोजणाऱ्या बाईला शंका आली होती, तेही घाला," काकू म्हणाल्या. सरांना ते ऐकू आलं नाही. सही झाली, पण सरांनी एक अट घातली. बैठकीला जाण्याआधी उमरेडला पुन्हा जायचं, आणि या वेळी विचारून लिहायचं.

दुसऱ्याच दिवशी उमरेडची एसटी पकडली. मावशी आता सत्तरीपुढची. माग कधीच गेले, एक चरखा मात्र माळ्यावर पडून आहे. मी वही उघडली आणि अगदी शास्त्रशुद्ध विचारलं, "मावशी, तू काय काम करायचीस?"

"मी? काही नाही वं. घरीच राहो."

"आणि कांड्या कोण भरत होतं?"

"कांड्या त मीच भरो. अजून कोण भरन?"

"मग ते काम नाही का?"

"ते काय काम आहे?" मावशी माझ्याकडे दयेने बघायला लागली. "ते त बसल्या बसल्या होते."

गल्लीतल्या आणखी चार घरी गेले. पाचही जणींनी तेच सांगितलं. म्हणजे तेव्हा मी विचारलं असतं तरीही फॉर्मवर 'गृहिणी'च आलं असतं! बैठक आठ दिवसांवर, आणि माझी गॅप त्या पाच बायकांनी बसल्या बसल्या बुजवून टाकली होती. मावशीच्या दारात परत येऊन मी चिडून म्हणाले, "मावशी, तू कांड्या भरल्या नसत्यास तर काय झालं असतं?"

"काहून नाही भरणार?"

"समज, आजारी पडलीस."

"पडली होती ना. टायफाइड झाला होता मले." मावशी आता रंगात आली. "पंधरा दिवस माग बंद! तुहा मावसाजी दवाखान्यात रोज येऊन इचारे, कधी उठतं, कधी उठतं. मले वाटे, काय जीव लावते हा माणूस. मंग समजलं, घरी धोटा रिकामा पडून राहिला होता."

मी वहीत लिहून घेतलं. मग पुन्हा त्या चार घरी गेले आणि काम काय करता हे विचारलंच नाही. विचारलं, तुम्ही आजारी पडलात तेव्हा माग किती दिवस बंद राहिला? चारही घरी बायका पदर खोचून बोलायला लागल्या. कोणाचं बाळंतपण, कोणाचा मोडलेला हात, कोणी नवऱ्याशी भांडून माहेरी गेलेली. दिवससुद्धा त्यांना पाठ होते.

बैठकीच्या दिवशी तेच तज्ज्ञ, तोच चष्मा. मी विषय मांडला. सरांनी सुचवलेलं 'अनवधान'ही मांडलं आणि पुढे सरकणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "हे सर्वेक्षक कोण होते? आज उपलब्ध आहेत का?"

सर छताकडे बघत होते.

"मीच होते," मी म्हटलं.

पुन्हा हशा. तो ओसरल्यावर तज्ज्ञ अगदी शांतपणे म्हणाले, "मग एकदा चुकलेल्या माणसावर समितीने दुसऱ्यांदा का विश्वास ठेवावा?"

या वेळी कोणी हसलं नाही. तयार केलेली सगळी वाक्यं उडून गेली. मी खरं तेच सांगून टाकलं. तेव्हा मी विचारलंच नव्हतं, आणि परवा विचारलं तेव्हाही त्या बायकांनी काही नाही करत असंच सांगितलं. त्यांनाही ते काम वाटत नाही. म्हणून आता प्रश्न बदललाय. मग मी मावशीचा टायफाइड सांगितला.

तज्ज्ञांनी चष्मा काढला. "पंधरा दिवस माग बंद?"

"हो."

"आणि मावशींचे यजमान आजारी पडले तेव्हा?"

तेही मावशीने सांगितलं होतं. "तेव्हा मावशीने दिराला मागावर बसवलं. एक दिवसही खाडा पडला नाही."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग कागद अध्यक्षांकडे सरकवून म्हणाले, "हा प्रश्न पहिल्या पानावर घ्या. मंजूर."

बाहेर येऊन मी गाडीला किल्ली लावत होते. सर येऊन म्हणाले, "तिसरं प्रकरण आवडलं होतं ना तुम्हाला? तसंच लिहा." मी हो म्हटलं.

तशीच माहेरी गेले. आईने आधी देवापुढे साखर ठेवली, मग माझ्या हातावर. मी बॅगेतून कोरा फॉर्म काढला. म्हटलं, पहिला फॉर्म तुझा.

"माहा? मले काय समजते त्यातलं!"

"एकच प्रश्न आहे. तू आजारी पडलीस तेव्हा बाबांचा माग किती दिवस बंद होता?"

आईने बराच वेळ आठवून बघितलं. बोटांवर काहीतरी मोजलं, परत सोडून दिलं.

"मी आजारी नाही पडली वं कधी," ती म्हणाली. "मी पडली असती त माग बंद झाला असता ना."